घरपट्टीवर हरकत घेताना

आत्याच्या घरी नगरपरिषदेची नोटीस आली तेव्हा ती दळण निवडत बसली होती. शिपायाने दारातूनच "आजी, इथं सही करा" म्हटलं. तिने सही केली आणि कागद देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवला. दहा-बारा दिवसांनी मी गेले तेव्हा तिने तो माझ्यापुढे धरला. "बघ गं, वर्षाला साडेतीन हजार म्हणे. मागच्या वर्षी साडेनऊशे भरले मी. घर तर तेच आहे."

घर खरंच तेच होतं. दगड-मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे ओसरी, मागे न्हाणी. आजोबांनी बांधलं त्यानंतर वीटही हललेली नाही. बदलली होती ती नगरपरिषदेच्या दप्तरातली घराची नोंद. क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, बांधकाम 'सिमेंट', आणि ओसरीपुढे 'बिगर निवासी'. साडेतीन हजारांचा आकडा या तीन नोंदींतून निघाला होता.

घरपट्टी वाढली की आपण आकड्याशी भांडायला जातो. एवढी कशी वाढवली, म्हातारं माणूस कुठून भरणार, असं खिडकीशी बोलून परत येतो. खिडकीतल्या लिपिकाला आकडा बदलण्याचा अधिकार नसतो, म्हणून त्या बोलण्यातून काही निघत नाही. चूक असते ती नोंदीत, आणि नोंद बदलली की आकडा आपोआप बदलतो. हरकतीचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. ते वकिलाशिवाय, फारसा खर्च न करता, घरच्या माणसाला जमण्यासारखं आहे.

मी सांगते आहे ते महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या आणि नगरपंचायतींच्या शहरांबद्दल, म्हणजे तालुक्याची गावं आणि छोटी जिल्ह्याची ठिकाणं. तिथे 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' हा कायदा चालतो. त्याआधी पश्चिम महाराष्ट्रात, विदर्भात आणि मराठवाड्यात नगरपालिकांचे कायदे वेगवेगळे होते. ते या कायद्याने एकत्र आले. महानगरपालिकांचा कायदा निराळा आहे, आणि मुंबईचा त्याहून निराळा. मुंबईत २०१० पासून घराच्या बाजारभावाला धरून, म्हणजे भांडवली मूल्यावर कर बसतो, आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तिथे २०२२ पासून माफी आहे. ती बातमी वाचून आपल्या गावातही माफी मागणारे अर्ज मी पाहिले आहेत. ती माफी मुंबईची आहे. छोट्या शहरात बहुतेक ठिकाणी अजून भाड्याच्या हिशेबानेच आकारणी होते, आणि खालचं सगळं त्याच पद्धतीबद्दल आहे.

आकारणी दरवर्षी नव्याने होत नाही. कायद्याने चार वर्षांतून एकदा सगळ्या मालमत्तांची यादी पूर्ण तपासायची असते. तिलाच आपण 'चतुर्वार्षिक' म्हणतो. त्या वर्षी मोजणीची माणसं दारावर येतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी हे काम खासगी एजन्सीला दिलेलं असतं. दोन मुलं टॅब घेऊन येतात, कोणी घरात असेल तर चार प्रश्न विचारतात, दाराला नंबर चिकटवतात, पुढच्या घरी जातात. काही शहरांत आधी ड्रोनने वरून फोटो काढलेले असतात. या मोजणीवरून कच्ची यादी तयार होते, नगररचना खात्याचा मूल्यनिर्धारण अधिकारी तिच्यावर काम करतो, आणि मग ती लोकांसाठी खुली होते. ज्यांचा कर नव्याने लागला किंवा वाढला त्यांना कलम ११९ खाली वेगळी नोटीस येते. आत्याच्या कॅलेंडरमागची नोटीस तीच.

ही नोटीस म्हणजे बिल नव्हे. 'आम्ही तुमच्या घराबद्दल असं असं लिहिणार आहोत, तुमचं काही म्हणणं असेल तर या तारखेच्या आत सांगा,' असं विचारणारा तो कागद आहे. मुदत त्यावरच छापलेली असते, साधारण तीस दिवसांची. ती गेली की यादी कायम होते आणि त्या यादीवरून बिलं निघतात. बिल आल्यावर जागे होणाऱ्यांचे रस्ते फार अरुंद होतात. म्हणून नोटीस हातात आली की पहिल्यांदा तिच्यावर, ज्या दिवशी मिळाली ती तारीख पेनने लिहून ठेवावी. आत्याचे बारा दिवस कॅलेंडरमागेच गेले होते. अठरा हातात होते.

आता तो आकडा कसा निघतो ते बघू. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येण्याजोगं आहे, हा या सगळ्याचा पाया. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेलं असो वा नसो, असा अंदाज धरायचाच. त्यासाठी शहराचे विभाग पाडतात आणि बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे प्रत्येक विभागाला चौरस मीटरमागे महिन्याचा दर ठरवतात. दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले बारा महिने, हे झालं वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्ती-देखभालीपोटी १० टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर नगरपरिषदेच्या कराचे टक्के लागतात. त्याशिवाय शिक्षण कर, वृक्ष कर, काही ठिकाणी अग्निशमन कर, दुकान-गोदाम असेल तर रोजगार हमी कर. बिलावर या सगळ्यांच्या ओळी वेगवेगळ्या असतात.

आत्याच्या घराचा हिशेब मांडते. दर गावागणिक वेगळे असतात, म्हणून इथले दर सोपे करून घेतले आहेत. नोटिशीत क्षेत्र होतं ७६ चौरस मीटर. त्यातले ६० मीटर निवासी, सिमेंट बांधकाम, दर १४ रुपये. ओसरीचे १६ मीटर बिगर निवासी, दर २८ रुपये. साठ गुणिले चौदा गुणिले बारा, १०,०८० रुपये. सोळा गुणिले अठ्ठावीस गुणिले बारा, ५,३७६. बेरीज १५,४५६. दहा टक्के वजा जाता १३,९१० रुपये करयोग्य मूल्य. सगळे कर मिळून २६ टक्के धरले तर ३,६१७ रुपये.

हा गुणाकार एकदा स्वतः कागदावर करून बघावाच. एक तर त्यातच चूक सापडू शकते. दुसरं असं की कुठला आकडा आपल्या हातात आहे आणि कुठला नाही, ते त्यातून कळतं. २६ टक्के आपल्या हातात नाहीत. नगरपरिषदेच्या कराचे टक्के ठरावाने ठरतात, शिक्षण कर राज्याच्या कायद्याने. १४ आणि २८ हे दरही एकट्या घरासाठी बदलत नाहीत. हातात उरतं ते क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, वापर, आणि घर कोणत्या विभागात धरलं ते. सगळा जोर इथे लावायचा.

क्षेत्रफळापासून सुरुवात करू, कारण जुन्या घरांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो तो इथे. शेजारच्या मुलाला घेऊन मी तीस मीटरची टेप काढली. एकाने शून्याचं टोक भिंतीला दाबून धरायचं, दुसऱ्याने ताणून आकडा वाचायचा, तिसऱ्याने लिहायचा. लिहायला आत्या बसली. बाहेरून घर २० फूट बाय ३० फूट. म्हणजे ६०० चौरस फूट, मीटरमध्ये सुमारे ५६. मग नोटिशीत ७६ कुठून आले? अंगणात उभं राहून वर बघितल्यावर उत्तर मिळालं. कौलांची वळचण चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर आलेली आहे. पावसाचं पाणी मातीच्या भिंतीवर येऊ नये म्हणून आजोबांनी ती मुद्दाम लांब ठेवली होती. वरून फोटो काढला तर भिंत दिसत नाही, छप्पर दिसतं. २४ बाय ३४ म्हणजे ८१६ चौरस फूट, बरोबर ७६ मीटर. वळचणीखालची मोकळी जमीन घरात मोजली गेली होती.

आणि एवढ्यावर थांबायचं नाही. नोटिशीतला रकाना नीट वाचायचा. तिथे 'बांधकाम क्षेत्र' लिहिलं आहे की 'चटई क्षेत्र'? आमच्या नोटिशीत चटई क्षेत्र होतं, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. आता फ्लॅटची भिंत चार-सहा इंचांची, तिथे आतून मोजा की बाहेरून, फरक थोडा पडतो. आत्याच्या घराची भिंत दीड फुटाची आहे. चारी बाजूंची भिंत वजा केली की आत राहतात १७ बाय २७, म्हणजे ४५९ चौरस फूट. मधली आडवी भिंतही दीड फुटाची, तिचे आणखी पंचवीस गेले. राहिले ४३४ च्या आसपास, म्हणजे ४० चौरस मीटर. जाड भिंत ही गरिबाच्या घराची गरज होती, तिच्यावर खोलीच्या दराने कर लागणं बरोबर नाही. वाडे, मातीची घरं, कोकणातली चिऱ्याची घरं असणाऱ्यांनी हे मोजमाप न चुकता करावं.

मोजून झालं की साध्या कागदावर नकाशा काढायचा. त्याला वास्तुविशारदाची गरज नाही. चौकोन काढा, प्रत्येक खोलीची आतली लांबी-रुंदी लिहा, ओटा, उघडा जिना, गच्ची, न्हाणी वेगळ्या दाखवा, खाली तारीख आणि सही. घराचा मंजूर नकाशा असेल तर त्याची प्रत जोडा. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका असेल तर तीही जोडा, पण तिथलं क्षेत्र जागेचं असतं, बांधकामाचं नसतं, हे लक्षात ठेवा. दोन्हींची गल्लत अर्जदारांकडूनही होते आणि मोजणाऱ्यांकडूनही.

बांधकामाच्या प्रकाराचं काम सोपं आहे. आरसीसी, सिमेंटमधलं दगड-विटांचं, माती-चुन्यातलं, पत्र्याचं, कुडाचं, अशी वर्गवारी असते आणि प्रत्येकीचा दर वेगळा. आत्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे, त्यावरून कोणीतरी 'सिमेंट' लिहून टाकलं. न्हाणीच्या बाजूला गिलाव्याचा पोपडा सुटून आतली माती दिसते, तिथे पट्टी धरून फोटो काढला. एक फोटो पुरला. घराच्या वयासाठी जुन्या पावत्या कामाला येतात. वयाप्रमाणे दरात घट धरलेली असेल तर आपलं घर कोणत्या वर्षाचं धरलं आहे ते बघावं. बांधकामाचं वर्ष सापडलं नाही म्हणून नोंदणीचंच वर्ष तिथे लिहिलं गेलेलं असू शकतं.

वापराचा मुद्दा जास्त नाजूक. आत्याची ओसरी वीस वर्षांपूर्वी एका शिंप्याला दिली होती. तो गेला, पाटी राहिली. ती पाटी बघून ओसरी 'बिगर निवासी' झाली. आम्ही पाटी काढली, आता तिथे धान्याच्या कोठ्या आहेत त्याचे फोटो काढले, आणि महावितरणचं बिल जोडलं. घरात एकच मीटर आणि दर घरगुती, हा वापराचा चांगला पुरावा असतो. पण ओसरीत खरोखर दुकान चालत असेल तर ते नाकारू नका. हरकतीनंतर जागेची पाहणी होऊ शकते, आणि खोटं एक निघालं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन जातं. दुकान फक्त पुढच्या खोलीत असेल आणि सगळं घर बिगर निवासी धरलं असेल, तर तेवढंच सांगा: किती मीटर दुकान, किती मीटर घर. तसंच मागे विनापरवाना शेड घातली असेल तर हरकतीआधी विचार करा. अनधिकृत बांधकामावर वेगळी शास्ती बसते आणि पाहणीत ती शेड दिसणारच आहे.

भाडेकरू असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. बाजारात भाडं कितीही चालू असलं तरी भाडेनियंत्रणाखालच्या घराचं भाडेमूल्य ठरवताना प्रमाणित भाड्याची मर्यादा धरली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलत राय कपूर यांच्या खटल्यात सांगितलं. तो खटला दिल्लीचा होता, पण वार्षिक भाडेमूल्याच्या वादात देशभर त्याचा दाखला देतात. जुना भाडेकरू महिन्याला दोनशे देतो आणि आकारणी पाच हजार भाड्यावर, असा प्रकार असेल तर मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा. तो मुद्दा टेप घेऊन सुटणारा नाही.

आपलं घर इतरांच्या तुलनेत कसं धरलं आहे हे बघायचं तर यादी पाहावी लागते. मालकाला किंवा कब्जेदाराला यादी बघण्याचा आणि तिच्यातून उतारे घेण्याचा हक्क आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. अनेकजण यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. त्याचं उत्तर तीस दिवसांत येतं आणि हरकतीची मुदतही तेवढीच, म्हणून तो मार्ग इथे उशिराचा ठरतो. सरळ कर विभागात जाऊन यादी मागावी. आपल्या गल्लीतली, आपल्यासारख्या बांधकामाची तीन-चार घरं बघावीत. माझा एक आग्रह आहे: अर्जात शेजाऱ्याचं नाव घालून 'त्यांना कमी लावला' असं लिहू नये. त्याने शेजाऱ्याचा कर वाढू शकतो, आपला कमी होत नाही. त्याऐवजी लिहावं, 'या गल्लीतल्या घरांना अमुक विभागाचा दर आहे, माझ्या घराला मुख्य रस्त्याच्या विभागाचा लागला आहे, तो दुरुस्त व्हावा.'

अर्ज एका पानाचा. वर मुख्याधिकाऱ्यांचं नाव नको, पद पुरे. विषय: कलम ११९ च्या नोटिशीवर हरकत. मग मालमत्ता क्रमांक, प्रभाग, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. आमच्या अर्जातला मजकूर असा होता: 'नोटिशीत चटई क्षेत्र ७६ चौ.मी. दाखवले आहे. प्रत्यक्ष मोजणीत ते ४० चौ.मी. भरते, नकाशा सोबत जोडला आहे. बांधकाम दगड-मातीचे असून सिमेंट असे नोंदले आहे, फोटो सोबत. ओसरीचा वापर निवासी आहे, वीज बिल व फोटो सोबत. जागेची पाहणी करून नोंद दुरुस्त करावी व सुनावणीची तारीख लेखी कळवावी.' एवढंच. रस्त्यात खड्डे आहेत, नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, गटार तुंबलंय, हे सगळं खरं असतं आणि त्याचा राग योग्यच असतो, पण ते या अर्जात घालू नका. भाडेमूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काही करता येत नाही, आणि मूळ मुद्दा त्यात बुडून जातो. ते नगरसेवकाला सांगा, वेगळ्या अर्जात लिहा.

नोटीस मयत माणसाच्या नावाने आली असली तरी वारसाने हरकत घ्यावी, नाव बदलण्याची वाट बघत बसू नये. नावाचा अर्ज वेगळा द्यावा. दोन भावांच्या वाटण्या झाल्यावर एकाच घराला दोन मालमत्ता क्रमांक पडून जुना तसाच चालू राहतो, तेही इथेच लिहावं. कुटुंबात माजी सैनिक किंवा त्यांची विधवा पत्नी असेल तर त्यांच्यासाठी राज्याची मालमत्ता कर सवलतीची योजना आहे, तिची चौकशी त्याच खिडकीवर करावी.

अर्ज आवक-जावक खिडकीवर द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. लिपिक म्हणतो, "ठेवून जा, साहेबांकडे देतो." ठेवून जायचं नाही. शिक्का मिळेपर्यंत थांबायचं. पुढे अपिलाची वेळ आली तर मुदतीत हरकत घेतली होती याचा पुरावा हा शिक्काच.

आमची सुनावणी सात आठवड्यांनी झाली, नगरपरिषदेच्या सभागृहात. बाकांवर चाळीस-पन्नास माणसं, पुढे टेबलाशी अधिकारी, बाजूला कर निरीक्षक रजिस्टर उघडून. एकेकाला चार-पाच मिनिटं मिळत होती. आमच्या आधीचे काका महागाईबद्दल बोलले, पेन्शनबद्दल बोलले, आणि त्यांचा वेळ संपला. त्यांच्या घराच्या नोंदीत काय चुकलं होतं ते कोणाला कळलंच नाही, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांचंही काही खरं असणार.

आत्याचा नंबर आला. अधिकारी म्हणाले, "आजी, बसा. काय तक्रार आहे?"

आत्या म्हणाली, "साहेब, तुमच्या माणसांनी वळचण मोजली. आम्ही आत राहतो, वळचणीखाली नाही."

मी नकाशा पुढे ठेवला. छपराचं माप, भिंतीचं माप, आतलं माप, तिन्ही आकडे एका कागदावर होते. कर निरीक्षकाने रजिस्टरातले ७६ आणि आमचे २४ बाय ३४ ताडून पाहिले. अधिकाऱ्यांनी गिलाव्याचा फोटो बघितला, वीज बिल उलटून पाहिलं आणि 'जागा पाहणी करून अहवाल' असा शेरा मारला. सगळं मिळून सहा मिनिटं.

चार दिवसांनी माणूस टेप घेऊन आला. आम्ही त्याला आमचा नकाशा दिला, त्याने तो हातात धरून खोलीखोलीत मापं घेतली. त्याच्या मोजणीत ४२ मीटर भरले. ओट्याचा छपराखालचा तुकडा त्याने धरला होता. आम्ही त्यावर वाद घातला नाही. दोन मीटरांचा प्रश्न होता आणि त्याची बाजू चुकीची नव्हती. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचला, एक प्रत मागितली. निर्णय आला: ४२ चौरस मीटर, दगड-माती, दर ९ रुपये, पूर्ण निवासी. बेचाळीस गुणिले नऊ गुणिले बारा, ४,५३६. दहा टक्के वजा जाता ४,०८२. त्यावर २६ टक्के, १,०६१ रुपये. वर्षाला अडीच हजारांवर फरक, चार वर्षांत दहा हजार. आत्याला निवृत्तिवेतन नाही, तिच्यासाठी ही रक्कम मोठी आहे.

सगळ्यांचं असं होत नाही. हरकत फेटाळली गेली तर बिल येईपर्यंत थांबावं लागतं. बिलाविरुद्ध मालमत्ता कर अपील समितीकडे अपील करता येतं, कलम १६९ आणि १७० मध्ये त्याची रीत दिली आहे. तिथे तीन अटी आहेत आणि तिन्ही कडक. बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत अपील दाखल झालं पाहिजे. आधी हरकत घेतलेली असली पाहिजे. आणि बिलात मागितलेली रक्कम नगरपरिषदेत आधी भरलेली असली पाहिजे. तिसरी अट लोकांना टोचते. वाद असलेली रक्कम आधी का भरायची? मलाही ती अट जाचक वाटते, विशेषतः ज्यांची रक्कम तिप्पट-चौपट झाली आहे त्यांच्यासाठी. पण ती कायद्यात आहे आणि ती न पाळल्यामुळे अपील ऐकलंच जात नाही, म्हणून पैशाची तजवीज नोटीस आली त्या दिवसापासून डोक्यात ठेवावी. त्यापुढची दाद कोर्टात, आणि तिथे वकील लागतो.

वाद चालू आहे म्हणून कर थांबवून ठेवणं हा सगळ्यात महाग पडणारा मार्ग. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. दोन वर्षं असा कर थकवला तर वाद जिंकूनही त्यातला मोठा वाटा शास्तीत जाऊ शकतो. भरताना एक छोटं पत्र द्यावं, 'माझ्या हरकतीच्या अधीन राहून ही रक्कम भरत आहे,' आणि त्याचीही पोच घ्यावी.

निर्णय आपल्या बाजूने लागला तरी काम अर्धंच झालेलं असतं. निर्णय फाईलमध्ये असतो, बिल संगणकातून निघतं, आणि दोन्ही टेबलं वेगळी असतात. आत्याच्या बाबतीत पुढच्या एप्रिलात बिल आलं ते पुन्हा ३,६१७ चंच. निर्णयाची प्रत घेऊन गेलो तेव्हा लिपिकाने संगणकात बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, इकडे नोंद आलेलीच नाही." त्याने प्रत ठेवून घेतली, आम्ही अर्ज देऊन शिक्का घेतला, आणि आठवड्याने नवं बिल मिळालं. म्हणून निर्णयानंतर महिन्याभरात असेसमेंटचा उतारा काढावा. लोकसेवा हक्क कायद्याखाली तो ठरलेल्या मुदतीत मिळायला हवा. उताऱ्यावर क्षेत्र, प्रकार, वापर आणि करयोग्य मूल्य या चार गोष्टी निर्णयाशी ताडून बघाव्यात.

आत्याच्या कपाटात आता एक निळी फाईल आहे. तिच्यात नोटीस, शिक्क्याचा अर्ज, हाताने काढलेला नकाशा, पंचनामा, निर्णय, नवा उतारा, आणि त्यानंतरच्या सगळ्या पावत्या. फाईलच्या वरच्या बाजूला तिने स्वतः पुढच्या चतुर्वार्षिकचं वर्ष लिहून ठेवलं आहे. शिंप्याची पाटी तिने मागच्या न्हाणीच्या खिडकीला आडोसा म्हणून लावली आहे, रस्त्यावरून ती दिसत नाही.